अण्णांचा अडकलेला शब्द

१९ नोव्हेंबर २०२२, शनिवार. पहाटे साडेपाचला आईचा फोन आला. "अण्णा उठंनात. तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत न्हाई. वारं गेलंय रे अंगावरनं." मी कोल्हापुरात. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना मिरजेला हलवायला सांगितलं आणि मीही थेट मिरजेलाच निघालो. पोचलो तेव्हा सीटी स्कॅन होऊन गेला होता. डॉक्टरांनी आईला एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला, "शेवटचं नीट बोलताना त्यांना कधी पाहिलंत?" आदल्या रात्री नऊला. झोपायच्या आधी "कडी घाल दाराला" एवढं म्हणाले होते. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झटका झोपेत आला, तो किती वाजता हे कुणालाच सांगता येईना, त्यामुळे ती वेळ आमच्या हातून गेली होती. ब्लडप्रेशरच्या गोळ्या अण्णांनी दिवाळीपासून आपल्या मनाने बंद केल्या होत्या, हेही तिथंच कळलं.

मेंदूच्या डाव्या बाजूची मधली धमनी तुंबली होती. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. "समजतंय त्यांना बऱ्यापैकी," डॉक्टर म्हणाले, "पण शब्द बाहेर येणार नाहीत. याला अफेजिया म्हणतात. वाचाघात." मी मान हलवली. त्या क्षणी माझ्या मनात आलं ते सांगतो, कारण ते लपवून पुढचं काही सांगता येणार नाही. बाप जगेल का, हे नंतर आलं. आधी आलं ते हे, की आता ते मला कधीच म्हणणार नाहीत.

काय म्हणणार नाहीत, ते सांगायला मागं जावं लागेल.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, तासगाव तालुक्यातल्या आमच्याच गावात. २००९ साली निवृत्त झाले. अख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. चौथीचा वर्ग त्यांच्याकडे असायचा आणि १९८९-९० मध्ये त्या वर्गात तिसऱ्या ओळीत मी बसायचो. शाळेत त्यांना गुरुजी म्हणायचं, घरी अण्णा. माझ्या तोंडून घरीही पुष्कळदा गुरुजीच निघून जायचं आणि त्यांनीही ते कधी दुरुस्त केलं नाही.

वर्गात त्यांची 'शाब्बास' प्रसिद्ध होती. अचूक उत्तर आलं की ते टेबलामागून उठायचे, पोराच्या बाकापर्यंत चालत जायचे, पाठीवर उजव्या हाताची एक थाप द्यायचे आणि म्हणायचे, "शाब्बास!" मधल्या 'ब्बा'वर सगळा जोर. चुकलेल्याला मारायचे, पण ती थाप मिळावी म्हणून पोरं रात्री कंदिलाशी बसून पाढे घोकायची. निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकीपर्यंत आमच्या वर्गाचे पाढे पाठ होते. माझेही होते. माझ्या बाकापर्यंत मात्र ते कधी आले नाहीत. माझं उत्तर बरोबर आलं की "बस खाली". माझी पाटी बघितली की 'र'च्या गाठीवर बोट ठेवायचे, थुंकी लावून पुसायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." दोन-दोन, तीन-तीनदा. त्यांचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं होतं. गावातल्या लग्नपत्रिकांचे मजकूर, ग्रामपंचायतीचे फलक, सगळं त्यांच्या हातचं.

चौथीच्या स्कॉलरशिपचा निकाल लागला तेव्हा आमच्या शाळेतली चार नावं यादीत होती. गुरुजींनी नावं वाचली. तिघांना उभं करून शाब्बास मिळाली, टाळ्या झाल्या. चौथं नाव माझं. ते त्यांनी इतर तिघांसारखंच वाचलं, वडिलांच्या नावासकट, म्हणजे स्वतःच्या नावासकट. मग कागदाची घडी घातली. मी उभा होतो. "बस खाली." संध्याकाळी जेवताना ताटावरची नजर न हलवता विचारलं, "गणितातले सहा मार्क कुठं गेले?"

तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आज त्रेचाळीशी ओलांडली आहे. बँकेच्या परीक्षा, बढती, घर, या सगळ्याची बातमी मी आधी अण्णांना फोन करून दिली. दर वेळी पलीकडून "बरं" आलं आणि मग आईकडे फोन. नातेवाईक म्हणायचे, गुरुजींच्या मनात असतं रे, बोलून दाखवत नाहीत. असेल. पण मनातलं मनातच राहिलं तर पोराच्या हातात काय येतं? दुसऱ्यांच्या पोरांना तोंडभरून देता येत होतं ना. तो शब्द त्यांच्या घशात होता, त्याचा आवाज मला पाठ होता.

दवाखान्यातून अकरा दिवसांनी घरी आणलं. मी साठवून ठेवलेली रजा काढली आणि गावीच राहिलो. फिजिओथेरपीचं कुणीही सांगतं, त्यासाठी माणूस गावातही येत होता. वाचेसाठी स्पीच थेरपिस्ट लागतो हे मला दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं नसतं तर कळलंच नसतं. वाचा आपोआप येईल तेवढी येईल, असंच सगळे धरून चालतात. पहिले तीन ते सहा महिने सगळ्यांत जास्त सुधारणेचे असतात आणि तेच महिने पुष्कळ घरांत अंगारे-धुपारे आणि मालिशवाल्यांच्या फेऱ्यांत निघून जातात. आम्ही मंगळवार-शुक्रवार मिरजेला जायला लागलो. पाऊण तासाचं सत्र, आणि घरी सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास मी घ्यायचं.

मॅडम वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी अण्णांच्या हातात कंगवा दिला. "हे काय आहे, गुरुजी?" अण्णांनी कंगवा डोक्याकडे नेला, म्हणजे वस्तू कळली होती. ओठ हलले. "अं... हं... हं." मग त्यांचा डावा हात मांडीवर आपटला आणि ते रडायला लागले. अण्णांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हाही नाही.

मॅडमनी कंगवा बाजूला ठेवला आणि सहज स्वरात सुरू केलं, "बे एके बे, बे दुणे..."

"चार," अण्णा म्हणाले. स्पष्ट. आणि थांबलेच नाहीत. बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे पंचे दहा, थेट बे दाहे वीसपर्यंत, तीच लय, तोच ठेका. आई दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, झालं, आली वाचा. मॅडमनी तेवढ्यात विचारलं, "गुरुजी, चार आणि चार किती?" ओठ पुन्हा नुसते हलले.

त्यांनी मला बाहेर बोलावून समजावलं. हजारदा घोकलेलं असतं ते वेगळ्या वाटेने बाहेर पडतं. पाढे, वारांची नावं, आरत्या, शिव्याही. ते बोलणं नाही, ते ओघाने येणं आहे. पाणी हवं असताना 'पाणी' हा शब्द शोधून काढणं हे बोलणं, आणि तीच वाट तुटली आहे. मग घरी कसं वागायचं ते सांगितलं. टीव्ही बंद. एका वेळी एकच माणूस बोलेल. प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबायचं, त्यांच्या तोंडचा शब्द आपण पुरा करायचा नाही. अडले तर पहिला उच्चार द्यायचा, 'पा...'. चित्रांपेक्षा खऱ्या वस्तू बऱ्या. डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायचा आणि शब्द गाण्यासारखा लांबवायचा. "आणि बरोबर आलं की लगेच दाद द्या. तोंडभरून द्या. कंजुषी करू नका."

त्यांना काहीच माहीत नव्हतं.

दाद द्यायची म्हणजे काय म्हणायचं? शाब्बास हा वडीलधाऱ्याने धाकट्याला द्यायचा शब्द. बापाला पोराने शाब्बास कसं म्हणावं? जीभ उचलेना. मी "बरोबर, अण्णा" म्हणायचो, "छान झालं" म्हणायचो. ते माझ्याकडे न बघता पुढच्या वस्तूकडे बघायचे. तांब्या, चष्मा, किल्ली, घड्याळ. डिसेंबर असा गेला. घड्याळाचा 'घ' यायला लागला होता.

नाताळच्या सुट्टीत माझी मुलगी गावी आली. ती तेव्हा चौथीतच होती. आजोबांना शिकवायचं म्हटल्यावर तिने शाळाच मांडली. फळा म्हणून दार, छडी म्हणून लाटणं. अण्णांच्या तोंडून 'घ' निघाला की टाळ्या वाजवून ओरडायची, "शाब्बास आजोबा!" तिच्या शाळेत तसं म्हणतात. तिला कसली अडचण नव्हती. तिसऱ्या दिवशी अण्णा हसले आणि तिच्या मागोमाग म्हणाले, "शाब्बास."

मी मळ्याकडनं येत होतो. पायरीवरच थांबलो. आत गेलो, तिच्या हातातला पेला घेतला आणि अण्णांसमोर धरला. "हे काय, अण्णा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाची उजवी कड अजून ओघळलेली होती. "शाब्बास," ते म्हणाले.

तोच आवाज. 'ब्बा'वर तोच जोर. बत्तीस वर्षं मी ज्याची वाट बघितली, तो शब्द त्या आवाजात, माझ्या डोळ्यांत बघून. तो पेल्याला उद्देशून होता हे मला कळत होतं. तरी मी मागच्या अंगणात गेलो आणि तोंडावर पाणी मारत बराच वेळ उभा राहिलो.

त्यानंतर सगळ्यालाच शाब्बास. चष्मा शाब्बास, किल्ली शाब्बास, भूक लागली शाब्बास. 'घ' गेला. 'पा' दिला तरी शाब्बास. मॅडमना हे लगेच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. शुक्रवारी मिरजेला जायचं होतं, मी फोन करून पाहुण्यांचं निमित्त दिलं. घरी मात्र अर्ध्या तासाचं सत्र मी तासभर घ्यायला लागलो. त्यांना दाखवलेल्याच वस्तू पुन्हा दाखवायचो. दुपारी ते पडलेले असताना जाऊन उगाच विचारायचो, "अण्णा, हे काय?" आणि ऐकायचो. एका दुपारी तर हातात काहीच नव्हतं. मी नुसता कॉटशेजारी बसलो आणि म्हणालो, "अण्णा, मी चौथीला स्कॉलरशिपला आलो होतो." ते म्हणाले, "शाब्बास."

हे लिहितानाही माझा हात जड होतो. जवळजवळ आठवडाभर मी माझ्या बापाच्या आजारातून स्वतःसाठी काहीतरी काढून घेत होतो.

३१ डिसेंबरच्या रात्री अण्णा अंधारात म्हणत होते, "शाब्बास... शाब्बास..." आईला वाटलं झोपेत बरळतायत. दिवसभर ऐकून ऐकून तिला त्या शब्दाचं काही वाटेनासं झालं होतं. माझ्या खोलीपर्यंत आवाज आला होता. मीही उठलो नाही. पहाटे आईने दिवा लावला तेव्हा अंथरूण भिजलेलं होतं. त्यांना लघवीचं भांडं हवं होतं. आयुष्यभर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शाळेत गेलेला माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी चादर बदलायला वाकलो तर डाव्या हाताने त्यांनी मला मागे ढकललं.

३ जानेवारीला, मंगळवारी, मॅडमना सगळं सांगितलं. दुपारी अण्णांशेजारी बसून केलेलंही सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, वहीत लिहीत राहिल्या. मग त्यांनी पॅरिसमधल्या एका माणसाची गोष्ट सांगितली. लबोर्न त्याचं नाव. एकवीस वर्षं इस्पितळात होता आणि काहीही विचारलं तरी 'तान' एवढंच म्हणायचा, 'तान, तान'. लोक त्याला तानच म्हणायचे. त्याला समजत सगळं होतं. १८६१ मध्ये तो गेला तेव्हा ब्रोका नावाच्या डॉक्टरने त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा सापडली. बोलणं मेंदूत कुठं घडतं हे जगाला कळलं, त्याचा मोठा धागा तिथून मिळाला. "गुरुजींचा शब्द लबोर्नसारखा पक्का झालेला नाही," मॅडम म्हणाल्या. "तो अडकलाय. खाचेत चाक अडकतं तसा. जितक्यांदा म्हणतील तितकी खाच खोल होईल. तो आपल्याला काढायचाय."

काढायची रीत अशी. शब्द आला की थांबायचं. चेहऱ्यावर काहीही दाखवायचं नाही, हसू नाही, वैतागही नाही. तो शब्द एका चिठ्ठीवर लिहायचा, त्यांना दाखवायचा, "हा शब्द आत्ता नको" असं शांतपणे सांगायचं आणि चिठ्ठी त्यांच्या नजरेआड ठेवायची. मग थोडा वेळ गप्प. मांडीवर ठेका. आणि मग पहिला उच्चार देऊन पुन्हा विचारायचं.

म्हणजे मी अण्णांसमोर पेला धरायचा, ते शाब्बास म्हणणार, आणि मी कागदावर 'शाब्बास' लिहून त्यांना सांगायचं की हा शब्द नको.

पहिल्या दिवशी एकतीस चिठ्ठ्या झाल्या. मुलीच्या जुन्या वहीची पानं फाडून केल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकत होतो आणि डबा टेबलाखाली. मॅडम म्हणाल्या होत्या, फाडून टाकल्या तरी चालतील. फाडवल्या नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी 'हा शब्द आत्ता नको' म्हणताना माझा आवाज फाटला आणि अण्णांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मी लावत नाही. त्यांच्या नजरांचे अर्थ लावण्यात माझी पुष्कळ वर्षं गेली आहेत.

जानेवारीत गावात द्राक्षांचा हंगाम चढत होता, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ कमी झाली होती. तरी माझ्याच वर्गातला एक जण आला, स्कॉलरशिपच्या यादीतल्या चौघांपैकी. आता त्याची चार एकर बाग आहे. द्राक्षांची पेटी घेऊन आला, अण्णांच्या पाया पडला, त्यांचा लुळा उजवा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "ह्या हाताची थाप अजून पाठीवर हाय, गुरुजी." अण्णांचे डोळे भरले. मी चहा आणायच्या निमित्ताने आत गेलो. त्याला एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी शेवटी विचारलंच, "माझ्याबद्दल कधी काही बोलायचे का रे तुम्हा पोरांजवळ?"

त्याने खरंच आठवून पाहिलं. तो चांगला माणूस आहे, माझं मन राखायला काहीतरी सांगू शकला असता. "न्हाई गा," तो म्हणाला. "घरचं कायच बोलायचं न्हाईत." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आमच्या आईबापानं एकदा बोलून दाखवलं हुतं, गुरुजी पोराला जास्त मार्क देतोय म्हणून. शाळेत येऊन. तुला म्हाईत नसंल."

मला माहीत नव्हतं. ते माझ्या स्कॉलरशिपच्या आधीचं की नंतरचं, त्याला आठवेना. यावरून मी काही नक्की करू शकत नाही. आईला विचारलं, तीही म्हणाली, असेल बाबा. अण्णांना विचारायची वेळ गेलेली होती.

चिठ्ठ्या कमी होत गेल्या. जानेवारीअखेर दिवसाला चार-पाच. १२ फेब्रुवारीला दुपारी अण्णा डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून बसले होते, समोर मी पेला धरलेला नव्हता, कुणी काही विचारलेलं नव्हतं. "पा... णी," ते म्हणाले. आई स्वयंपाकघरातून धावत आली. मी पाणी दिलं. ते प्यायले, पेला माझ्याकडे परत दिला आणि दाद द्यायची राहूनच गेली हे मला रात्री आठवलं.

त्यानंतर शाब्बास कधी शेवटचं आलं, त्याची नोंद माझ्याजवळ नाही. एका आठवड्यात चिठ्ठी करावी लागली नाही, एवढंच लक्षात आलं.

मार्चपासून मॅडमनी लिहिणं सुरू केलं. वाचाघातात लिहिण्याचा शब्दही हरवतो, त्यामुळे तोंडाने येत नाही ते लिहून दाखवा म्हणून चालत नाही. सुरुवात कित्त्यापासून. पाटीवर मी शब्द लिहायचा, त्याच्या खाली अण्णांनी डाव्या हाताने तो काढायचा. ज्या माणसाचं अक्षर मोत्यासारखं, त्याला माझ्या अक्षरावरून गिरवायचं होतं. पहिल्या दिवशी मी पाटी धरली तेव्हा माझा तळहात ओला झाला होता.

'कप' झाला. 'घर' लिहिलं. अण्णांनी पेन्सिल उचलली, ठेवली. पाटी जवळ ओढली. डावी तर्जनी 'र'च्या गाठीवर ठेवली, जिभेला लावून ओली केली आणि माझा 'र' पुसून टाकला. मी गप्प राहिलो, मनात आकडे मोजत. सात. आठ.

"पु..." ते म्हणाले. डाव्या हाताने मांडीवर एक थाप. "पुन्हा."

हा शब्द आमच्या यादीत नव्हता. तो मी घेतलेला नव्हता, मॅडमनीही नाही. पुढच्या मंगळवारी सांगितला तेव्हा त्यांनी फाइलमध्ये तारीख घालून लिहून घेतला आणि विचारलं, कशाच्या संदर्भात म्हणाले. मी सांगितलं, माझा 'र' चुकला होता.

त्या दिवशी मात्र मी पेन्सिल घेतली आणि 'र' पुन्हा काढला. अण्णांनी पाटी उजेडाकडे तिरपी केली, बराच वेळ बघितलं आणि खाली पहिला 'घ' गिरवायला घेतला.